भिंतीवरून कॅनव्हासवर : अजिंठ्याच्या प्रतिकृती आणि तैलचित्रणाचे शिक्षण

देवालय म्हणजे केवळ दगडचुन्याची वास्तू नव्हे. पिढ्यानपिढ्यांची भक्ती, दानशूरांचे द्रव्य आणि कारागिरांचे हात यांच्या संगमातून ते उभे राहते. भक्तीचा इतिहास स्तोत्रांत आणि आरत्यांत टिकतो. दानाचा इतिहास शिलालेखांत आणि वहीखात्यांत टिकतो. कारागिराच्या हाताचा इतिहास मात्र बहुधा भिंतीवरच राहतो, आणि भिंत गेली की तोही जातो. हा हात एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसा गेला, हे पाहण्यासाठी आपल्या ताप्तीच्या खोऱ्यापासून फार दूर जावे लागत नाही. खकनारहून बुऱ्हाणपूर, तेथून भुसावळ आणि जळगाव या मार्गाने दक्षिणेस निघाले की एका दिवसाच्या प्रवासात अजिंठ्याची लेणी येतात. त्या लेण्यांतील धार्मिक चित्रांच्या प्रतिकृती करता करता मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात तैलरंगावर बसला. ही कथा महाजन कुटुंबांच्या नजरेस आणावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तिच्यात अभिमानाचा भाग आहे, तसाच सावधगिरीचाही आहे.

दात्याची भिंत

अजिंठा येथे लहानमोठी सुमारे तीस लेणी आहेत. त्यांतील नवव्या व दहाव्या लेण्यांतील काही चित्रे फार प्राचीन आहेत. ज्या चित्रांनी अजिंठ्याचे नाव जगभर गेले, ती मुख्यतः पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांत आहेत व वाकाटककालीन मानली जातात. सोळावे लेणे वराहदेवाने करविले. तो वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री होता, आणि त्याचा शिलालेख तेथे आजही आहे. वाकाटकांच्या ज्या शाखेत हरिषेण झाला, तिची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. दाता वऱ्हाडाशी संबंधित, वास्तू सह्याद्रीच्या डोंगररांगेत आणि कारागीर अनामिक. आपल्याकडील कोणत्याही जुन्या देवळाच्या इतिहासाची हीच तीन अंगे असतात.

या सोळाव्या लेण्यात एक सुप्रसिद्ध चित्र आहे. बुद्धाचा बंधू नंद याने राज्य आणि गृहसुख सोडून प्रव्रज्या घेतली, त्या कथेचा तो प्रसंग आहे. नंदाचा मुकुट परत आलेला पाहून त्याच्या पत्नीला, सुंदरीला, सारा अर्थ उमगतो आणि ती कोसळते. स्तंभांनी वेढलेले अंतर्गृह, मंचकावर मान टाकून बसलेली राजकन्या, तिला मागून सावरणारी दासी, हात हाती घेऊन तिच्या मुखाकडे पाहणारी दुसरी, पंख्याने वारा घालणारी तिसरी आणि पलीकडे चिंताग्रस्त उभी असलेली माणसे, अशी त्याची रचना आहे. विषय धर्माचा असला तरी दृश्य एखाद्या घरातल्या दुःखाचे आहे. एकोणिसाव्या शतकातील पाहणाऱ्यांना ती मरणोन्मुख राजकन्या वाटली आणि त्याच नावाने चित्र प्रसिद्ध झाले. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी या चित्राच्या भावदर्शनाला इटलीतील थोर चित्रकारांच्या तोडीचे मानले होते.

पहिला नक्कलकार

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात प्रवेश केला आणि अजिंठा बाह्य जगाच्या दृष्टीस पुन्हा पडला. परिसरातील लोकांना लेणी ठाऊक होतीच, पण चित्रांची किंमत जाणून त्यांच्या प्रतिकृती करून घेण्याचा विचार त्यानंतर सुरू झाला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या आग्रहावरून मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याकडे हे काम आले. १८४४ च्या सुमारास तो अजिंठ्यास आला आणि जवळजवळ वीस वर्षे चित्रांच्या मोठमोठ्या तैलप्रतिकृती करीत राहिला.

गिलच्या बऱ्याचशा प्रतिकृती लंडननजीक सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ साली तेथे आग लागली आणि बोटांवर मोजण्याइतक्या प्रती वगळता वीस वर्षांचे कष्ट भस्मसात झाले. गिल खानदेश सोडून गेला नाही. १८७९ साली त्याचे निधन झाले आणि त्याची कबर भुसावळला आहे. आपल्या भागातून रेल्वेने मुंबईकडे जाणारा प्रत्येक प्रवासी त्या गावावरून जातो, परंतु ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते.

मुंबईची कलाशाळा

सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली एक लक्ष रुपयांची देणगी देऊ केली, तीतून मुंबईची कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. येथेही आरंभ एका दात्याच्या औदार्यापासूनच झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १८६५ साली जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग हे शिक्षक तेथे आले. प्लास्टरचे साचे समोर ठेवून रेखन करणे, मग छाया-प्रकाश साधणे आणि त्यानंतर रंगाकडे वळणे, अशी पद्धत विलायती कलाशाळांत होती, तीच येथेही आली. त्या पद्धतीत एक उणीव होती. विद्यार्थ्यांपुढे ग्रीक देवदेवतांचे पुतळे होते, पण त्यांच्या स्वतःच्या देशाने रंगविलेली मनुष्याकृती नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग ग्रिफिथ्स यांना अजिंठ्यात दिसला. मुंबई सरकारच्या साहाय्याने १८७२ पासून विद्यार्थ्यांच्या तुकड्या लेण्यांत जाऊ लागल्या. पावसाळा सरल्यावर, कामास योग्य अशा ऋतूत जाऊन महिनोन्महिने काम करावे आणि परत यावे, असा क्रम १८८५ पर्यंत चालला. या काळात सुमारे तीनशे प्रतिकृती तयार झाल्या. त्यांत काही तर तीन मीटर उंच व सहा मीटर रुंद अशा विशाल होत्या. हे काम करणाऱ्यांत पेस्तनजी बमनजी अग्रणी होते. जयराव राघोबा, जगन्नाथ अनंत यांच्यासारख्या मराठी तरुणांची नावेही त्या प्रतिकृतींशी जोडलेली आहेत. ही नावे आपल्या कलेच्या इतिहासात ठळक अक्षरांत यावयास हवी होती, पण ती संग्रहालयाच्या नोंदींतच राहिली.

नक्कल करताना काय शिकले जाते

आता मुख्य प्रश्न असा, की भिंतीवरचे चित्र पाहून कॅनव्हासवर उतरविल्याने शिकणाऱ्याला नेमके काय मिळते? नक्कल या शब्दाला आपल्याकडे थोडी हलकी छटा आहे. परंतु ज्याने ती प्रामाणिकपणे केली, त्याला ठाऊक असते, की नक्कल म्हणजे दुसऱ्याच्या निर्णयांची एकेक करून उजळणी होय.

तैलरंगाचे शास्त्र थोडक्यात सांगितल्यास हे स्पष्ट होईल. तैलरंगाचे मुख्य माध्यम म्हणजे जवसाचे तेल. ज्या जवसाची चटणी आपल्या घरोघरी होते, त्याच बियांचे हे तेल. पाणी जसे उडून जाते तसे ते उडत नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होत जाते. म्हणून तैलरंगाचा थर वाळण्यास दिवस लागतात, कधी आठवडेही लागतात. हा विलंबच शिकणाऱ्याच्या उपयोगी पडतो. रंग ओला असेतो एक छटा दुसरीत मिसळता येते, चुकलेली रेषा पुसता येते, गालाची गोलाई सावकाश वळविता येते. पण त्याबरोबर एक बंधनही येते. खालचे थर पातळ व कमी तेलाचे असावेत आणि वरचे अधिक तेलाचे असावेत, हा नियम मोडला तर वरचा थर आधी आवळतो आणि पुढे चित्राला भेगा पडतात. छाया पातळ रंगात ठेवावी, प्रकाशाचे स्थान दाट रंगात उठवावे, आणि शेवटी पारदर्शक रंगाचा हलका हात देऊन सारे एकजीव करावे, हा क्रम ग्रंथ वाचून कळतो, पण हातात उतरतो तो चित्रापुढे बसूनच.

लेण्यातील अंतर्गृहाचे चित्र उतरविताना या विद्यार्थ्याच्या पुढे चार अडचणी एकाच वेळी उभ्या राहत. पहिली प्रमाणाची होती. भिंतीवरील आकृती कॅनव्हासवर नेताना चौकटी आखून, अंतरे मोजून रेखन पक्के करावे लागे. दुसरी रचनेची होती. एका खोलीत आठदहा माणसे आहेत, तर दृष्टी आधी कोठे जावी, कोणाची मान कोणीकडे वळावी आणि स्तंभांनी अवकाश कसा विभागावा, हे अनामिक कारागिराने ठरविले होते. तो निर्णय समजल्याशिवाय त्याची नक्कल साधत नाही. तिसरी प्रकाशाची होती. लेण्यात उजेड अपुरा, चित्र काळवंडलेले आणि जागोजाग गिलावा निखळलेला. जे दिसते ते आणि जे असावेसे वाटते ते, यांतील सीमा विद्यार्थ्याला सतत ओळखावी लागे. चौथी अडचण सर्वांत सूक्ष्म होती, ती माध्यमाची.

अजिंठ्याची चित्रे तैलरंगातील नव्हेत. खडकावर माती, भुसा, तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि कोरड्या पृष्ठभागावर चिकट द्रव्यात कालविलेले गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ यांसारखे रंग, अशी त्यांची पद्धत आहे. निळ्यासाठी लाजवर्दाचाही उपयोग दिसतो. असा रंग निस्तेज असतो, पण भिंतीत जिरलेला भासतो. तैलरंग तकाकणारा व खोल असतो. म्हणजे विद्यार्थी एका भाषेतले चित्र दुसऱ्या भाषेत सांगत होता. ही तफावत त्याला पदोपदी जाणवली असली पाहिजे. चमक आवरावी लागे, सावली फार काळी होऊ द्यायची नाही हे शिकावे लागे, आणि रेषेला तिचा मान द्यावा लागे.

येथे एक विस्मयाची गोष्ट आहे. छाया-प्रकाश हे केवळ युरोपचे धन, असा त्या काळी समज होता. परंतु अजिंठ्याच्या कारागिरानेही शरीराची गोलाई दाखविली आहे. कडेला गडद छटा, उंचवट्यावर उजळ रंग, नाकाच्या दांडीवर प्रकाशाचा ठिपका. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात यास वर्तना म्हटले असून तिचे तीन प्रकारही सांगितले आहेत. जी गोष्ट मुंबईच्या वर्गात विलायती म्हणून शिकविली जात होती, तिचे एक देशी रूप भिंतीवर हजारदीड हजार वर्षांपासून होते. नक्कल करणाऱ्या तरुणाने दोन्ही परंपरांचा धागा एकाच वेळी हातात धरला होता.

हात कोठे पोहोचला

प्रतिकृतींचे दैव मात्र चांगले नव्हते. त्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे पाठविल्या गेल्या, आणि १८८५ साली तेथेही आग लागून त्यांचा मोठा भाग नष्ट झाला. गिलच्या श्रमांची जी गत झाली, तीच वीस वर्षांनी या तरुणांच्या श्रमांची झाली. उरलेल्या चित्रांपैकी शेदीडशे आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्स यांचे दोन खंडांचे सचित्र पुस्तक १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामुळे कामाचा काही भाग तरी जगापुढे राहिला.

कॅनव्हास जळाले, पण बसलेला हात जळाला नाही. पेस्तनजी बमनजी (१८५१–१९३८) हे पुढे तैलचित्रकार म्हणून नावारूपास आले. १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या चित्रासाठी आलेले इंग्रज चित्रकार व्हॅलेंटाइन प्रिन्सेप यांच्या सहवासात त्यांनी व्यक्तिचित्रणाचे तंत्र आत्मसात केले. पारशी घरांतील निवांत, अंतर्गृहातील दृश्ये त्यांनी रंगविली. सोळाव्या लेण्यातल्या अंतर्गृहाशी त्या चित्रांचे नाते कोणी शब्दांत सिद्ध करू शकणार नाही, पण एका खोलीत माणसे बसवून त्यांच्यातील मूक भाव दाखविण्याची दृष्टी दोन्हीकडे आहे.

त्याच शाळेत १८९० साली कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) दाखल झाले. ग्रिफिथ्स तेव्हा तेथेच होते. धुरंधरांनी पुढे विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडविल्या आणि शाळेतील आपल्या दीर्घ वास्तव्याच्या आठवणी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या मराठी ग्रंथात लिहून ठेवल्या. गोव्याचे आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) हेही याच परंपरेतील एक समर्थ तैलचित्रकार आणि शिक्षक. दुसऱ्या वाटेने राजा रविवर्म्याच्या मुद्रणालयातून निघालेली देवदेवतांची रंगीत चित्रे मराठी देवघरांत शिरली आणि गावोगावच्या रंगाऱ्यांनी त्यांच्याही नकला केल्या. तैलरंगातील देव आपल्या घराघरांत आले, ते असे.

एकाच भिंतीपासून दोन शाळा

अजिंठ्याच्या भिंतीपुढे पुढे आणखी एक पिढी येऊन बसली. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज विदुषीने प्रतिकृतींचे काम पुन्हा हाती घेतले. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, के. वेंकटप्पा यांसारखे तरुण तिच्या साह्यास आले. यांनी तैलरंगाचा मार्ग सोडून रेषा आणि सपाट रंग यांना प्राधान्य दिले. त्यातून बंगालच्या कलाचळवळीस मोठे बळ मिळाले. मुंबईच्या मुलांनी त्याच चित्रांतून वास्तव शरीर आणि छाया-प्रकाश घेतला, तर बंगालच्या मुलांनी लय आणि रेषा घेतली. भिंत एकच होती. जो जसा डोळा घेऊन गेला, तसे त्याला मिळाले. नक्कल करणाराही स्वतःचेच काहीतरी घेऊन परततो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

आपल्या मध्य प्रदेशातही असेच घडले. धार जिल्ह्यातील बाघ लेण्यांच्या चित्रांच्या प्रतिकृती ग्वाल्हेर संस्थानाने १९२१ च्या सुमारास करवून घेतल्या. नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार यांच्याबरोबर आपटे, भांड, भोसले, जगताप अशी ग्वाल्हेरची मराठी नावेही त्या कामात आढळतात. त्या प्रती ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयात आहेत. बाघची मूळ चित्रे इतकी ढासळत गेली, की उरलेला भाग १९८२ मध्ये भिंतींवरून काढून जतन करावा लागला. जे भिंतीवर आज दिसत नाही, ते काही अंशी या प्रतींत दिसते. अजिंठ्याच्या प्रती जळाल्या आणि भिंत राहिली, तर बाघला भिंत गेली आणि प्रती राहिल्या. काय राहील आणि काय जाईल, हे कोणालाही आधी सांगता येत नाही. म्हणून दोन्ही जपावे लागतात.

व्हार्निशचा धडा

आता सावधगिरीचा भाग. चित्र स्पष्ट दिसावे, रंग खुलावेत, म्हणून नक्कल करणाऱ्यांनी अजिंठ्याच्या मूळ भिंतीवर व्हार्निशचा हात दिला. तैलचित्राला व्हार्निश लावणे ही नेहमीची रीत, तेव्हा हेतू वाईट नव्हता. पण मातीच्या गिलाव्यावरील निस्तेज चित्राला ते मानवले नाही. व्हार्निश काळाने पिवळे, तपकिरी पडले, त्यावर धूळ व काजळी बसली, आणि आवळत जाणाऱ्या थराबरोबर खालचा रंगही उचलला जाऊ लागला. अजिंठा तेव्हा निजामाच्या हद्दीत होता. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलाविले. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटविले व चित्रे पुष्कळ वाचविली, पण त्यांनी वापरलेली लाखही पुढे काळवंडली. हे सारे थर अलगद काढण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला विसाव्या शतकाच्या अखेरीसही करीत राहावे लागले. एका पिढीने प्रेमाने दिलेला हात उतरविण्यात पुढच्या पिढ्या खर्ची पडल्या.

महाजनांच्या हाती

हा इतिहास महाजन कुटुंबांनी का वाचावा? कारण देवालयाच्या भिंती आज त्यांच्या हवाली आहेत. जीर्णोद्धाराची घटिका येते, उत्सव तोंडावर असतो, दात्याची इच्छा असते की सभामंडप लखलखीत दिसावा. मग गेरूची जुनी वेलबुट्टी, कोनाड्यावरचा गणपती, मंडपातील दशावतारांची पट्टी, हे सारे एका सकाळी तैलरंगाच्या डब्याखाली झाकले जाते. चुन्याच्या भिंतीला श्वास हवा असतो. तेलाचा अभेद्य थर वर बसला की आतली ओल कोंडते, फुगवटे येतात आणि काही पावसाळ्यांत जुना गिलावा नव्या रंगासकट खाली येतो. आपल्या बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील हमामाच्या छतावर मुघलकालीन रंगकामाचे अवशेष अद्याप दिसतात. 

तेव्हा नम्र सूचना एवढीच, की जुन्या चित्रित भिंतीला हात लावण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, आणि तेवढ्यावर न थांबता गावातील रेखनाची आवड असलेल्या एखाद्या मुलामुलीला तिच्यापुढे महिनाभर बसवावे. त्यांना कॅनव्हास, रंग आणि उजेड पुरवावा. भिंतीवर मात्र पाणी, तेल वा व्हार्निश यांचा थेंबही पडू देऊ नये. छायाचित्र भिंतीचे रूप जतन करते, पण ती भिंत रंगविणाऱ्याचे निर्णय एखाद्याच्या बोटांत उतरवू शकत नाही. ते काम केवळ नक्कल करते. याचा खर्च एका उत्सवाच्या रोषणाईहून अधिक येणार नाही.

सोळाव्या लेण्याच्या दात्याचे नाव शिलालेखामुळे आपल्याला ठाऊक आहे. सुंदरी रंगविणाऱ्या कारागिराचे नाव ठाऊक नाही. तेरा वर्षे लेण्यांत जाऊन त्या कारागिराचे शिष्यत्व पत्करणाऱ्या मुंबईच्या तरुणांपैकी मोजक्यांची नावे उरली. आपल्या देवळाच्या वहीत ज्या पानावर देणगीदारांची नावे लिहिली जातात, त्याच पानावर यापुढे रंगाऱ्याचे, गवंड्याचे आणि चित्र उतरवून ठेवणाऱ्या मुलाचेही नाव लिहिले जावे. श्रींच्या सेवेत तोही महाजनांइतकाच वाटेकरी आहे.